बाबांच्या पानावरचा चौकोन

प्रिय चिंगे,

तू परत गेल्यापासून घर ठीक आहे. मी जेवते, झोपते, गोळ्या वेळेवर घेते. भेटायला येणारे माझ्याकडे बघून डोळे पुसतात आणि मी त्यांना चहा विचारते. तुझे बाबा गेले हे कळतं, पण आत काही हलत नाही. अजून एकदाही रडू आलेलं नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

काल एक गंमत झाली. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बाबांची बातमी द्यायची म्हणून धाकट्या काकांनी मजकूर पाठवला होता. ती बघायला मी बाबांचा कॉम्प्युटर उघडला. मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. त्या वेबसाइटचं तू बाबांच्या कॉम्प्युटरवर खास त्यांच्यासाठी करून दिलेलं पान मात्र चष्म्याशिवायही वाचता येतं. फिकट पिवळा रंग, दुकानाच्या पाटीवर असावीत तशी अक्षरं, जाहिराती गायब. सगळं पान पालथं घातलं, बातमी कुठेच नाही. मग त्यांच्या ऑफिसात फोन करून तिथल्या मुलीला चांगलं फैलावर घेतलं. माणूस गेला तो गेला, तुम्हाला चार ओळी छापता येत नाहीत का, असंही बोलले. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "आजी, मला दिसतंय ना. पहिलंच नाव आहे."

फोन ठेवला आणि डोक्यात प्रकाश पडला. बाबा रोज सकाळी आधी निधनवार्ता उघडायचे, गेलेल्यांची वयं स्वतःच्या वयाशी ताडून बघायचे आणि दिवसभर तोंड पाडून बसायचे. म्हणून मीच तुझ्या मागे लागले, आणि तू त्यांच्या पानावरून निधनवार्तांचा चौकोनच दिसेनासा केलास. त्यांना पत्ता लागला नाही. हल्ली लोक मरायचे थांबले वाटतं, म्हणून खूश असायचे. आपण दोघी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो.

म्हणजे बातमी सगळ्यांना दिसते, आपल्याच घरात दिसत नाही. शेजारीण म्हणाली, माझ्या फोनवर वाचून दाखवते. मी नको म्हटलं. बातमी फार दिवस तिथे राहत नाही म्हणे. काय दाबायचं ते मला फोनवर सांगू नकोस, माझ्याच्याने होणार नाही. आत्ताच परत गेलीस, लगेच पुन्हा सुट्टी मागणं तुला जड जाईल, ठाऊक आहे. तरी ये. माझ्या शेजारी बस आणि तो चौकोन परत आण. त्यांचं नाव त्या मोठ्या अक्षरांत मला एकदा वाचायचं आहे. वाचून झाल्यावर लगेच उठून जाऊ नकोस.

तुझीच,
आई