इथे हाफिजा बोलते

प्रिय अदीबा,

सलाम. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. तुझा अब्बा कामावर गेलाय, म्हणून मस्कतमधल्या अल् घुब्ऱ्याच्या ह्या किचनमध्ये बसून निवांत लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, बोट ठेवून वाच. पण तूच वाच. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलंस तर याद राख.

तू फोनवर बोलून पाठवलेली यादी ऐकली. मी जिच्याकडे स्वयंपाकाला होते त्या नेरिसबाईच्या शेवटच्या नाटकात हाफिजा नावाची स्वयंपाकीण आहे, आणि तिच्या बोलण्याच्या जागी बाईने नुसतं लिहून ठेवलंय, 'इथे हाफिजा तिच्या भाषेत बोलते'. अशा अकरा रिकाम्या जागा. आता बाई गेली. नाटक बसवणाऱ्यांनी तुला गाठलं, तू हाफिजाची नात, तिथेच कार्डिफला शिकतेस, तर तूच भर म्हणाले. आणि तू काय भरलंस? 'बेटी, जेवलीस का?' 'अल्ला तुझं भलं करो.' 'मायेला भाषा लागत नाही.' गो बाय, हे मी कधी बोलले? ही हाफिजा आहे की साबणाच्या जाहिरातीतली म्हातारी? मायेला भाषा लागत नाही म्हणे! त्या बाईने अख्खा जन्म भाषेपायी घालवला आणि तिच्याच नाटकात तू हे घालतेस?

ती गेली तेव्हा पेपरात आलेलं तूच मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत दगड फोडायचा. आई म्हणायची, वेल्श बोलून पोट भरत नाही, इंग्रजी शीक. ही शिकली, आणि पहिलं नाटक लिहिलं ते वेल्शमध्येच. गावच्या चर्चमागच्या खोलीत केलं, चाळीस माणसं बघायला. लंडनवाल्यांनी सांगितलं, इंग्रजीत आण मग बघू. पुढे पोटासाठी टीव्हीवर पोलिसांची मालिका लिहिली, बारा वर्षं इंग्रजीत खून पाडले. एक सिनेमा लिहिला, त्याला बक्षीस मिळालं, तर स्टेजवर जाऊन भाषण केलं वेल्शमध्ये, अर्धा हॉल माना खाली घालून बसला. म्हातारपणी परत नाटकं, परत तीच भाषा. हे सगळं पेपरात आहे. ओमानची नऊ वर्षं मात्र पेपरवाल्याने एका ओळीत उरकली, 'मधला काही काळ परदेशी वास्तव्य'. त्या एका ओळीत मी उभी आहे गो, हातात सुरी घेऊन.

तिचा नवरा तेलाच्या कंपनीत, पंधरा-पंधरा दिवस वाळवंटात. तुझे दादा कासम, माझे घरवाले, तिकडे सूर बंदरात गलबतं बांधणाऱ्यांकडे सुतार, गुरुवारी यायचे. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघी. आमच्यात वीसेक शब्दांचा कारभार, यल्ला म्हणजे चल, खलास, मीठ, गॅस, उद्या. तरी दिवसभर बोलायचो. ती तिच्यात, मी माझ्यात.

सकाळी मी मासळी साफ करायला बसले की ती कागद घेऊन यायची आणि सगळ्यांची सोंगं काढून वाचायची, बापाचं, पाद्र्याचं, भांडखोर बहिणीचं. मला एक अक्षर कळत नसे. ती कागदाकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघायची. माझी सुरी थांबली की बरोबरची खूण. सुरी चालूच राहिली की ते वाक्य फुली मारून बाद. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भडकले, मुद्दाम सबंध सुरमई न थांबता कापली. बाईने सबंध पान फाडलं! मग मला लाज वाटली, आणि मी इमानाने ऐकायला लागले. कळत नव्हतं, पण खोटं वाक्य कानाला कळतं. तुझी यादी आली तेव्हा मी बांगडे साफ करत होते. अकरा वाक्यं झाली, सुरी एकदाही थांबली नाही. समजलं?

म्हणून आता खरं काय ते लिही. पहिल्या जागी मी माझ्या सासूला शिव्या घालते, त्या तशाच घाल, ती काही कबरीतून उठून येत नाही. चौथ्या जागी, बाई पातेलं करपवते तिथे, मी म्हणते, 'लिहायला बसलीस की तुझ्या नाकाला कुलूप लागतं का?' दहाव्या जागी ती सामान बांधून दारात रडते. तिथे तू 'पुन्हा भेटू, बहिणी' घातलंस. मी म्हणाले होते, 'रडायचं तर बाहेर जाऊन रड, लादी आत्ताच पुसलीय.' मलाही रडू फुटत होतं, म्हणून तेवढंच बोलले. पण हे नटीला सांगू नको, नाहीतर ती गळा काढेल. तिने ओरडूनच बोलायचं.

राहिली अकरावी. तिथे बाईने लिहिलंय, 'हाफिजा पुष्कळ वेळ बोलते. मी काही लिहीत नाही.' म्हणजे नाटकाच्या शेवटी बाई मागे गेलीय, त्या एका सकाळकडे. त्या सकाळी उलटं झालं होतं, मी बोलत होते आणि तिचा लिहिता हात थांबला होता. ह्या जागेसाठीच हे पत्र. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की कासमने मला जबरदस्तीने मस्कतला आणलं, म्हणून तीन वर्षांचा रेहान, तुझा अब्बा, गावी सासूपाशी राहिला आणि बाराव्या वर्षी मला भेटला तेव्हा मला 'चाची' म्हणाला. खोटं आहे ते. कासम नको म्हणत होते. मला यायचं होतं. ती विहीर, ती चूल, ती सासू, ह्यापलीकडे काय आहे ते मला बघायचं होतं. पोर घेऊन कामावर कुणी ठेवत नव्हतं, तर मी पोर ठेवून आले. रोज आठवण यायची आणि रोज वाटायचं, तरी परत आलेच असते. हे मी जन्मात एकदाच बोलले, न कळणाऱ्या बाईपाशी. तिला सगळं कळलं. आता हेच शब्द तिथे घाल, माफी कुठेही घुसडू नको, मी मागितलेली नाही. आणि पहिल्या खेळाला तुझ्या अब्बाला बोलाव, पुढच्या रांगेत बसव. तू सोडलीस तर सबंध हॉलमध्ये ते कळणारा तो एकटाच असेल. तो उठून गेला तर जाऊ दे. बसून राहिला तर खेळ संपल्यावर मला फोन कर. मी जागीच असेन.

तुझीच, अजून सुरी चालवणारी,
दादी हाफिजा