डाव्या कोपऱ्यातून जाणारी हवा

१७ नोव्हें., रवि.

तोंड तसंच आहे. चहा डाव्या कोपऱ्यातून ओघळला, शर्टावर डाग दिसला तेव्हा कळलं. डावा डोळा मिटत नाही म्हणून त्यातून सारखं पाणी. शेजारची सुनंदाला विचारत होती, "तुझा घरवाला रडतंय का गो?" रडत नाहीये. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आत काही हलतच नाही.

मुरबाडला साखरपुड्याची सुपारी होती, पहाटे बाइकवर कानटोपी न घालता आलो. झोपून उठलो तर तोंडाची डावी बाजू लुळी. वारं लागलं म्हणून चार दिवस जायफळ उगाळून लावत बसलो, मग डॉक्टर. तो ओरडला, लगेच यायचं होतं म्हणाला. आता गोळ्या. कधी बरं होईल? "महिना लागेल, सहा महिने लागतील. थोडं राहूनही जाईल."

क्लॅरनेट पेटीत.

२० नोव्हें.

बाळाशेठचा फोन. बँड त्याचा, वीस-बावीस वर्षं मी त्याच्या पहिल्या रांगेत. "मास्तर, सीझन तोंडावर हाय. काय करू?" म्हटलं, दुसरा बघ. इतकं सहज म्हटलं की त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "तुमच्या भाचीच्या हळदीला तरी तुमीच पायजे."

प्राजूची हळद ८ फेब्रु., लग्न ९ ला. सापगावला, ताईकडे. आम्हाला मूल नाही, जी काय आहे ती प्राजू. पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून क्लॅ.च्या चाव्या दाबायची. तेव्हाच कबूल करून घेतलंय, माझ्या हळदीला मामाच वाजवणार.

२१ नोव्हें.

शहापूरची फिजिओवाली. चिमुरडी आहे पण दम देते. फुगा फुगवा, स्ट्रॉनं पाण्यात बुडबुडे काढा, आरशात बघून हसा. हसलो. "काका, अर्धंच हसलात." म्हटलं, तुझ्या जोकला तेवढंच पुरे.

फुगा फुगत नाही. ओठ बंदच होत नाहीत, सगळी हवा डावीकडून जाते.

२४ नोव्हें., रवि.

वाशिंदच्या सोसायटीतला रविवारचा संगीताचा वर्ग घेतला. मास्क लावून. सर्दी आहे सांगितलं. वाजवून दाखवता आलं नाही, नुसतं "हं, परत" करत बसलो.

निशामॅडम म्हणून आहेत, रोज मुंबईला जातात. मुलगी ओवी, दुसरीत. मोबाइलवर क्लॅरनेट दाखवला, शिकणाऱ्यांसाठी, स्वस्तातला. "हा घेऊ का?" ओवीला म्हटलं, आ कर. पुढचे दोन्ही वरचे दात नाहीत. क्लॅ.वर वरचे दात टेकवावे लागतात, ते कुठे टेकवणार? बोटंही सगळी भोकं झाकणार नाहीत. आणि स्वस्तातल्या क्लॅ.च्या चाव्यांच्या गाद्या पहिल्या पावसाळ्यात फुगतात, मग दुरुस्तीला कल्याण गाठा.

"मग बासरी?" बासरी चांगली, पण तिच्यावर ओठ घडवावा लागतो. पहिले पंधरा दिवस नुसती हवा. पोर कंटाळून ठेवून देईल. मोठ्या माणसानं घ्यावी, पण तीही आखूड, फोटोतली लांबलचक नको, बोटं पोचत नाहीत. म्हटलं, तुम्ही साधा प्लॅस्टिकचा रेकॉर्डर घ्या. आपला शिट्टीच्या तोंडाचा पावा असतो तोच प्रकार. फुंकलं की वाजतो. पडला तरी फुटत नाही, साबणानं धुता येतो. दात आले की पुढचं बघू.

बोललो भरपूर. ओठांचं बोलताना मास्कच्या आत लाळ गळत होती.

१ डिसें., रवि.

ओवीनं निळा रेकॉर्डर आणलाय. पहिल्या फुंकेला वाजला, खुश झाली. पण दातांच्या खिंडीतून थोडी हवा जातेच. मास्क खाली ओढून पाणी प्यायलो तेवढ्यात तिनं बघितलं. "सर, तुमची पण हवा जाते?"

म्हटलं, जाते.

"तुमचे पण दात येणारेत?"

निशामॅडम तिला ओरडल्या. मला काही वाटलं नाही. हल्ली काही वाटत नाही हे सोयीचं आहे.

४ डिसें.

सु. स्वयंपाकघरात होती. पेटी उघडली. नव्या रीडची पातळ पट्टी भिजवली, लावली, फुंकली. फुस्स. लाळ हनुवटीवर. जोर केला तर बदकासारखा एक आवाज आला. परत केला. तेवढ्यात आत मिक्सर सुरू झाला. बराच वेळ चालू होता. रात्री जेवायला चटणी नव्हती, वाटण नव्हतं, काहीच नव्हतं वाटलेलं.

८ डिसें.

कल्याणला गेलो, औषधाचं निमित्त. वाद्यांच्या दुकानात रेकॉर्डर मागितला. दुकानदार ओळखीचा नाही, बरं झालं. "किती मोठं पोरगं?" मुलगी आहे म्हटलं, चौथीत. "मंग पांढरा न्या, मुलींना आवडतो." खोकं पिशवीत घालून देताना म्हणाला, "सुरुवातीला कर्कश वाजवेल, ओरडू नका तिला." नाही ओरडणार म्हटलं.

घरी येईपर्यंत चौथीतली मुलगी डोक्यातून जाईना.

१५ डिसें., रवि.

खालच्या रस्त्यानं वरात गेली. बाळाशेठचाच बँड. डाव्या कानात ढोल इतका मोठा वाजतो की खिळा ठोकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतो, तोंडाच्याच नसेमुळे. जिभेचीही डावी बाजू गेलीय, मीठ कळत नाही. खिडकी लावून घेतली. क्लॅ. कोणीतरी नवा वाजवत होता. भिवंडीचा आहे म्हणे. चांगला वाजवतो. वर जाताना दम धरतो, घाई करत नाही. मला मत्सर तरी वाटायला हवा होता.

२२ डिसें., रवि.

आज सापडलं. रेकॉर्डरचे वरचे सूर एका डाव्या हाताचे असतात, मुलांना तेच आधी शिकवतात. म्हणजे उजवा हात मोकळा. रेकॉर्डरचं खालचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं, उजव्या हाताच्या बोटानं ओठाचा डावा कोपरा दाबून धरला आणि फुंकलं. सूर आला. ग, रे, सा. बस, तेवढेच. खाली जायचं तर उजवा हात लागतो, तो घेतला की हवा जाते.

पंचेचाळिशी उलटली आणि दुसरीतल्या ओवीएवढं येतंय मला. तिच्यापेक्षा एक सूर कमीच.

सु. दारात उभी होती. "बरा वाजतंय," म्हणाली आणि गेली. मिक्सर लावला नाही.

५ जाने., रवि.

प्राजू पत्रिका घेऊन आली. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. मास्क काढायला लावला. बघितलं. माझ्या ताटातली भाकरी तोडून खायला लागली. मग, "मामा, वाजवशील ना रे?"

"बघू."

"बघू नाय. वाजवशील का नाय?"

म्हटलं, भिवंडीवाला चांगला आहे. तिनं भाकरी खाली ठेवली. "त्याला मी काय वळखतंय?"

टेबलावरचा पांढरा रेकॉर्डर उचलला. कोणाचा विचारलं. ओवीचा म्हणून सांगितलं. सु. माझ्याकडे बघत होती.

ती गेल्यावर वाटलं की वाईट वाटायला हवं. वाट बघितली. नाही आलं.

१४ जाने.

सु.नं म्हसाच्या जत्रेला ओढून नेलं. घोंगड्या, बैल, धूळ. मी मफलर गुंडाळून. बासरीवाल्याकडे थांबलो, सवय. एक आजोबा स्वतःसाठी बासरी घेत होते, लाल धागा गुंडाळलेली. रंग बघून घेऊ नका म्हटलं, सगळी भोकं आपल्या बोटांनी झाकतात का ते बघा. त्यांनी बघितलं. झाकत नव्हती. तरी लालच घेतली. "वाजवाय नाय, हातात धरायला पायजे," म्हणाले.

तेवढ्यात शेजारी पावा वाजला. सु.नं फुंकला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कायम फुंकायची वाद्यं, पण तिनं कधी तोंडाला लावलं नव्हतं. परत फुंकला. "अवो, मला येतंय की!" लोक बघायला लागले. लाजली, पण खाली ठेवेना. घेतला तिला. परतीच्या जीपमध्ये पिशवीतून काढून बघत होती.

घरात आता दोन शिकाऊ.

१९ जाने., रवि.

सु. भाकऱ्या झाल्या की पावा घेऊन ओट्यावर बसते. भयंकर वाजवते. बोट नीट दाबत नाही म्हटलं तर म्हणते, "तुमी आधी तोंड नीट दाबा." हसलो. फिजिओवाली असती तर म्हणाली असती, अर्ध्याच्या वर गेलात.

डोळा मात्र आज थोडा जास्त मिटला असं वाटलं. खात्री नाही.

२ फेब्रु., रवि.

ओवीचा एक दात निम्मा आलाय. निशामॅडम परत, "आता क्लॅरनेट?" म्हटलं, दोन्ही येऊ द्या. आणि मग शाळेतला किंवा कोणाचा वापरलेला आधी मागून बघा, आवडला तर घ्या. ओवी मला म्हणाली, "सर, तुमचा पण अजून निम्माच आलाय." तोंडाबद्दल बोलत होती. बरोबर ओळखलं तिनं.

बाळाशेठ भेटला वाशिंदला. मार्चपर्यंत माझी जागा धरतो म्हणाला, पुढे नाही. रास्त आहे. हळदीला विचारू नको म्हणून सांगितलं, तू तुझा माणूस आण.

८ फेब्रु., शनि.

सापगाव. क्लॅ. घरीच ठेवला. रेकॉर्डर कोटाच्या आतल्या खिशात का घातला माहीत नाही.

मांडवात बँड. भिवंडीवाला वाजवत होता. मला बघून मान लवली त्याची, माझीही लवली. ढोल सहन होईना, म्हणून आत ओटीवर गेलो. प्राजू पाटावर, बायका हळद लावतायत. थोड्या वेळानं बँड थांबला आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण म्हातारीनं धवले धरले.

धवले सुरू झाले की बँडवाले जेवायला उठतात. ही रीतच. इतकी लग्नं केली, ह्या वेळी मी कायम पत्रावळीवर बसलेला. म्हणजे धवले असे कधी ऐकलेच नव्हते. आज भिंतीला टेकून ऐकले. म्हातारी तीनच सुरांत फिरत होती. वर जातच नव्हती, खालीही नाही. ग रे सा, रे सा. परत तेच.

डावा हात कोटावर गेला. प्राजूनं बघितलं. तिला सु.नं सगळं सांगून ठेवलंय हे मला तेव्हा कळलं.

"मामा, खिशातला काढ."

"नको गो. हवा जाते."

"कुठना?"

दाखवलं. "इकडं ये," म्हणाली. पाटाशी बसलो. हात हळदीनं भरलेले, तसंच बोट तिनं माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून धरलं. बायका हसायला लागल्या. ताई म्हणाली, "प्राजू, मामाचा कोट!" फुंकलं.

सूर म्हातारीला लागेना. तिचा खाली, माझा वर, आणि प्लॅस्टिकला काय खालीवर करणार. थांबणार होतो. पण म्हातारीनं माझ्याकडे न बघता आपला सूर उचलला आणि माझ्यावर आणून ठेवला. मग चाललं. किती वेळ ते माहीत नाही. प्राजूचं बोट जरा सरकलं की फुस्स व्हायचं, मग ती परत दाबायची, हसत होती, रडतही होती. सु. दारात.

बरं वाटलं. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं. लिहून ठेवतो, उद्या खरं वाटणार नाही.

बँडवाले जेवून आले. भिवंडीवाला दारात थांबून ऐकत होता. मी उठलो.

९ फेब्रु., रवि. सकाळ

ताईकडेच आहे. बाहेर अक्षतांची गडबड. प्राजूला मांडवात मी न्यायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत मागे मी उभं राहायचं, सगळ्या फोटोंत हे तोंड. मास्क आणलाय. सु. म्हणते, घाला नाहीतर घालू नका, पण लवकर ठरवा.

आत्ता आरशात बघितलं. ओठाच्या कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलेलं आहे, रात्री धुवायचं राहिलं. नोव्हेंबरपासून तो कोपरा बधिर वाटतो, पण काल प्राजूनं बोट ठेवलं तेव्हा गार लागलं होतं. हे नक्की आठवतंय. की हळद गार असते हे माहीत आहे, म्हणून तसं वाटलं? तिला परत एकदा बोट लावायला सांगावं का? आज ती नवरी आहे, असं कसं सांगायचं. आणि नाही लागलं तर.

ताई हाक मारतेय. अजून तोंड धुतलेलं नाही.