बिरसी ते नागपूर पस्तीस मिनिटं

टेकचंदचे बाबा,

मी पोराले घेऊन मायकडे प्रतापगडले जाऊन राहिली. भात झाकून ठेवला हाये. गाय शेजारच्या धुरपताबाई दोहून देतील, तुम्ही गाईजवळ जाऊ नका, लाथ मारते.

काल पाहुण्यांले तुम्ही छाती फुगवून सांगत होते, "बिरसीच्या विमानअड्ड्यावरून नागपूर पंच्याऐंशी मैल, विमानानं पस्तीस मिनिटं." मंग मीही माझा रस्ता मोजला. आपल्या कामठ्यावरून गोंदिया बैलगाडीनं तीन घंटे. तिथून छोट्या रेल्वेनं अर्जुनी चार घंटे. पुढे प्रतापगडपर्यंत भावाची बैलगाडी. पहाटे निघालं का दिवे लागायच्या आत मायच्या दारात.

मायले दिसनं बंद झालं, असा निरोप तीनदा आला. तिन्ही वेळा तुम्ही म्हणाले, "बहुत दूर हाये." अड्ड्यावर विमानांच्या वेळा तुम्हीच लिहिता, म्हणून दूर-जवळ तुमालेच समजते असं मी धरून चालली.

घ्यायले या. विमान लागत नाई.

रस्ता एका दिवसाचाच हाये. सहा वर्षं तर मले आपला उंबरठा ओलांडायले लागली.

शामकला