झोपेला अठ्ठ्याऐंशी गुण

११ ऑक्टोबर, शुक्रवार

घड्याळालाही हळदकुंकू लावलं. आज आयुधपूजा. पाटावर कोयता, पहार, कुदळ, दोन विळे, पाण्याचा पंप — आणि त्यांच्या पंगतीत हे काळं रबरी घड्याळ. नेत्रा ओरडली, 'बाबा, मागच्या काचेला नको! तिथून ते नाडी बघतं!' तोवर बोट टेकवून झालं होतं. पुसलं.

पोरगी गोव्यात कारखान्यात कामाला. दसऱ्याला आली ती हे घेऊन. माझं बीपी वाढलंय म्हणे, तर झोप किती होते ते कळायला हवं. आता झोप ही काय मोजायची वस्तू आहे? भात मोजतात, दूध मोजतात. तिला म्हटलं, सुगी होईपर्यंत माझी झोप एक रात्र सोडून एक रात्र. बाकी शून्य. लिही तुझ्या फोनमध्ये!

मग बसल्या बसल्या मोजलं. बावीस वर्षं झाली आमच्या जोड राखणीला. भात पोटरीला आलं की माझ्या आणि तुकारामच्या शेताच्या मधल्या बांधावर माळा बांधायचा. एक रात्र मी वर बसायचं, एक रात्र त्यानं. रानडुकरं आली की डबा बडवायचा. दोन घरांचं वर्षाचं भात, आणि जागतो एकच माणूस. आख्ख्या वाडीत अशी दुसरी जोड नाही. आज माझी रात्र. घड्याळ बांधून जातो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सात तास वीस मिनिटं! गुण अठ्ठ्याऐंशी!

सातवीत मला एवढे पडले नव्हते. पण हे गुण झोपेचे. राखणीवरच्या झोपेचे! नेत्रानं फोनवरच्या निळ्या पट्ट्या दाखवल्या — ही गाढ, ही हलकी. जागा किती वेळ? तर नऊ मिनिटं. मी संतापलो. नेत्राच्या आईनं, गिरजानं, तोंडाला पदर लावला आणि चुलीकडे वळली. हिला हसायला काय झालं?

मी डोळे मिटले असतील, कबूल. डोळे मिटणं म्हणजे झोपणं नव्हे. राखण कानानं करायची असते. आणि सकाळी तुकाराम स्वतः म्हणाला, 'म्हाबळा, राती दोन खेपा डबा वाजवलास. एक वाजता आनि साडेतीनला. घरात ऐकलो की!' मग? झोपलेला माणूस डबा वाजवतो का? मला वाजवल्याचं तेवढं आठवत नाही, पण बावीस वर्षांची सवय. हात आपला आपण उठत असणार.

१३ ऑक्टोबर, रविवार

तुकारामची रात्र होती. दोनदा डबा ऐकला, कूस बदलली. नेत्रा माझ्या फोनवर पट्ट्या दिसतील असं करून सकाळच्या बसनं गोव्याला गेली. गिरजा आणि तुकारामची बायको केशर दोघी खानापूरला बारशाला निघाल्या, उद्या येतील. आज रात्री मी माळ्यावर. जेवण गार.

१४ ऑक्टोबर, सोमवार

घात झाला.

तुकारामचा खालचा तुकडा डुकरांनी लोळवला. चार पायल्यांचं तरी भात गेलं. माझ्या रात्री! मी उतरून बघितलं तेव्हा तो चिखलात उभा होता, हातात मोडकी लोंबी.

'झोपलास न्हवं?'

'न्हाई.'

'मग डबा का न्हाई वाजला? बायकोला आनायला म्हून पहाटं उटलो. एकदाबी न्हाई ऐकला.'

म्हटलं, गवा आला होता माळ्याखाली. हाललो असतो तर त्यानं माळा पाडला असता. (गवा आला नव्हता. हे फक्त इथे लिहितो.) तुकाराम म्हणाला, 'घड्याळ दाव.' आणि मी मूर्ख — दाखवलं! मला वाटलं, या खेपेला तरी शहाणं झालं असेल. सात तास पन्नास मिनिटं. गुण ब्याण्णव.

तो ओरडला नाही. तेच वाईट. म्हणाला, 'दिवाळीच्या आवसेपासनं माजा माळा येगळा. तू तुजं राख, मी माजं राखतो.' आणि निघून गेला.

म्हणजे रोज रात्री जागायचं. एकट्यानं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पण ते राहू दे. तुकारामशी बावीस वर्षं सकाळचा पहिला चहा घेतोय. आज घेतला नाही.

दुपारी बाया आल्या. गिरजा शेत बघून म्हणाली, 'येक रात घर सोडलं तर—' आणि मोडक्या लोंब्या वेचायला लागली. माझी चूक नाही म्हटलं तर म्हणाली, 'व्हय, तुमची कशी आसंल?' बोलण्याचा सूर काही कळला नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रामनगरला चहाच्या हाटेलात गेलो तर गल्ल्यावरचा म्हणाला, 'या ब्याण्णव!' तुक्यानं सगळीकडे बोभाटा केलाय!

येताना ओढ्यावरच्या मोरीवर, छोट्या पुलापाशी, उतरलो. आमच्याकडे रेंज येते ती तिथेच. नेत्राला फोन लावला. ती म्हणाली, 'बाबा, ते हात हलतोय का आणि नाडी कशी आहे त्यावरनं अंदाज करतं. तुम्ही पुतळ्यासारखे बसलात तर त्याला वाटणार झोपलेत.' बघा! हेच तर मी म्हणतोय! पुतळ्यासारखा बसलो होतो! तुकारामला सांगायला धावलो. तो म्हणाला, 'पोरगी तुजी, घड्याळ तुजं, गवाबी तुजाच.' दार लावलं.

आता पुराव्यानंच दाखवतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोनफळ झोपलं! सहा तास दहा मिनिटं!

काल परसातलं एक कोनफळ, जांभळा कंद, उपटलं, माझ्या मनगटाएवढं. घड्याळ त्याला बांधलं, उशीवर ठेवलं, वर गोधडी, आणि मी राखणीला गेलो. गिरजा म्हणाली, 'कवळं कोनफळ उपटलासा! आनि माज्या शेजारी निजवलासा!' सकाळी फोन उघडला तर झोप सहा तास दहा, गाढ झोप भरपूर, नाडी बहात्तर. कोनफळाची नाडी बहात्तर! माझी एक्क्याऐंशी. डॉक्टरनं मला सोडून त्याला तपासावं.

कोनफळ काखेत घेऊन तुकारामकडे. त्यानं फोन बघितला, कोनफळ बघितलं, परत फोन बघितला. म्हणाला, 'तुज्यापरास ह्ये बरं की रे. घोरत तरी न्हाई.' पण हसला! दोन दिवसांत पहिल्यांदा.

लोखंड तापलेलं होतं. म्हटलं, आज कोजागिरी, तुझी रात्र, तू बांध. 'मला कशाला? मी कवा झोपतो?' म्हणाला. पण बांधलं. चांगली भोकं निवडून करकचून बांधलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आठ तास पाच मिनिटं. गुण पंच्याण्णव!!

हसून हसून ठसका लागला. कोजागिरीला लक्ष्मी येऊन विचारते, कोण जागं आहे. घड्याळ म्हणालं — कुणीच नाही. तुकाराम लालबुंद. 'लबाड घड्याळ! रातभर चांद बघीत हुतो! आनि डबा चार येळा वाजला, ऐकलास न्हवं?' ऐकला होता. एकदा तर अगदी घराजवळ वाजल्यासारखा वाटला.

मी म्हटलं, 'मग डबा कोनफळानं वाजवला?' दोघं बांधावर बसलो. तो म्हणाला, 'म्हाबळा, ह्ये घड्याळ खरं ठरलं तर दोगंबी बुडालो.' खरं आहे. आता आमचं एकच काम — घड्याळ खोटं पाडणं. पडलं तर माळा एकच राहणार. तसा शब्द दिलाय त्यानं.

कोनफळावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जो ढाराढूर झोपतो हे जगाला माहीत आहे, असं माणूस पाहिजे. आणि घड्याळ म्हणालं पाहिजे, हे माणूस जागं होतं! मग झालं. असं माणूस म्हणजे गिरजा. जमिनीला पाठ लागली की गेली. पंचवीस वर्षांत रात्री हिला जागी बघितलेली नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

गिरजा नको म्हणाली. मग जरा वेळानं हात पुढे केला. 'बांदा. बगू काय सांगतंय ते.'

१९ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो!

झोप दोन तास चाळीस मिनिटं. आणि रात्री बारा ते चार चालली किती? चार हजार शंभर पावलं! झोपेत! घराभोवती फेर धरला की काय? मी गिरजाला बोलावून दाखवलं, टाळी वाजवली, 'बघ, बघ, काय गाढव घड्याळ आहे!' तिनं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, 'गाढवच हाय,' आणि गोठ्यात गेली.

तुकारामला सांगितलं. म्हणाला, एकाची साक्ष चालत नाही, आज केशरला बांधू.

२० ऑक्टोबर, रविवार

केशर: दोन तास पंचवीस. तीन हजार आठशे पावलं. आता कुणाची शंका नको. तुकारामनं हात जोडून घड्याळाला नमस्कार केला आणि म्हणाला, 'गप, सुम्म बस आता तू.' माळा एकच राहणार. जोड टिकली! त्याच्या घरी चहा घेतला, दोन कप. किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही. माणूस म्हातारपणी नवा शेजारी कुठून आणणार?

केशर चहा देताना जांभया देत होती. बायकांना कितीही झोप मिळो, पुरत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मोरीवरून नेत्राला फोन. म्हटलं, घड्याळ परत घेऊन जा, बिघडलंय. सगळं सांगितलं — मी, कोनफळ, तुकाराम, आई, केशरकाकू. कोनफळाला खूप हसली. आईचं ऐकून हसायची थांबली.

'बाबा, झोपेचं ते अंदाजानं सांगतं. कधी बरोबर, कधी चूक. पण पावलं? पावलं एवढी नाही चुकत. शंभरदोनशे इकडेतिकडे. चार हजार कुठून येतील?'

'झोपेत चालत असेल.'

'आई? आणि काकूपण?'

मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

घरी आल्यापासून गिरजाच्या चपला बघतोय. दाराशी आहेत. टाचेला ओला चिखल. आज ती शेतात गेलेली नाही. काही असेल. गोठ्यातला असेल. आज माझी रात्र.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

काल घड्याळ बांधूनच माळ्यावर आडवा झालो आणि मुद्दाम घोरलो.

एकच्या सुमाराला बांधावर बॅटरी दिसली. पुढे गिरजा, मागे केशर, तिच्या हातात तेलाचा डबा. ओढ्याच्या बाजूला उभ्या राहून बडवला. डुकरं पळाल्याचा आवाज आला. मग गिरजा माळ्याखाली आली, कान दिला. केशर म्हणाली, 'उटवूया की येकदा!' गिरजा म्हणाली, 'ऱ्हाऊ दे गं. दिसभर राबतोय. आनि आपन राखतोय म्हून कळलं तर तोंड कुटं लपवंल?' दोघी तोंड दाबून हसल्या. साडेतीनला परत आल्या.

बावीस वर्षं! जोड राखण होती ती त्या दोघींची. मी आणि तुकाराम फक्त उंचावर झोपत होतो. एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. आणि एवढी मायाही. खाली उतरायचा धीर झाला नाही. उजाडेपर्यंत डोळे टक्क उघडे ठेवून, न हलता पडून राहिलो.

सकाळी फोन बघितला. झोप आठ तास दहा मिनिटं, गुण शहाण्णव.

या खेपेला भांडलो नाही.