दोकिमाझो म्हणजे आपलाच धंदा

कोट्टयम, केरळ
मार्च १९९४

ती. नानासो मामांच्या पायांशी भाचा हंबीर याचा दंडवत.

तुमचा गुडघा, मामीचा दमा आणि कुंडलची म्हैस (गाभण होती, पुढं काय झालं कुणी कळवलंच न्हाई) बरी असावीत. मी खुशाल. बोटाला फोड आहे ती भट्टीची, काळजी नसावी.

मामा, निघताना एस्टी स्टँडवर तुमी सगळ्यांदेखत म्हणालात, "आधी पारखीन, मग माझी स्वप्ना ह्याला देईन. एका जागी बूड टेकत न्हाई ह्याचं." तवापासून ह्याच गलाईच्या दुकानात टिकून आहे. सोनं आटवतो, जुनी जर जाळून चांदी काढतो. परवा त्यातच घोटाळा झाला. इथले म्हातारे फादर (पुण्यात शिकलेले, मराठी बोलतात, कुत्र्यालाही अहो-जाहो करतात) दोन गाठोडी ठेवून चहाला गेले. एकात चर्चमधला जरीचा फाटका झगा, जाळायचा. दुसऱ्यात नवा कोरा, इस्त्रीला न्यायचा. आता आपली गलाईवाल्यांची सवय, जड ते खरं. नवा जड लागला. टाकला भट्टीत.

फादर आले, राखेकडं बघत राहिले. मी मनात गाडीची वेळ आठवत होतो. तर म्हणाले, "चांदी तरी चांगली निघते का बघा, हंबीरराव." आणि स्टूल ओढून मुशीपुढं बसले. बसल्या बसल्या सांगितलं, की त्यांच्या बायबलातला नवा करार आधी ग्रीक भाषेत होता आणि त्यात एक क्रियापद आहे, दोकिमाझो. धातू आगीत घालून खरा-खोटा बघायचा, म्हणजे दोकिमाझो. माणसाला पारखायचं, तरी तेच. इथवर मला नवल न्हाई, आपल्याकडं कसोटी असतेच. पण पुढचं ऐकून चिमटा हातातच राहिला. जाणकार म्हणतात, त्या शब्दाचं मूळ 'घेणं' ह्यात आहे. दारात आलेल्या पाहुण्याला आपण आत घेतो, तसं घेणं. म्हणजे मामा, पारखणाऱ्याच्या मनात आधीच घ्यायचं असतं. फेकायचंच तर कोळसा कोण जाळतंय? दोन हजार वर्षांमागं कुणीतरी असाच मुशीपुढं घाम पुसत बसला असंल, आणि त्याच्या तोंडचा शब्द देवाच्या पुस्तकात जाऊन बसला. तेवढ्यात चांदीवरची साय फाटली आणि ती लखलखली. रोज बघतो मी ते. त्या दिवशी चिमटा खाली ठेवून फादरांशेजारी बसलो.

मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. स्वप्नाला काय लिहावं ते सुचत न्हाई, तेवढंच तिला सांगा.

तुमचा भाचा,
हंबीर

ता. क. रविवारी फादर फाटक्याच झग्यात उभे राहिले. मला पुढच्या बाकावर बसवलं होतं. मी काय मान वर केली न्हाई.

आणखी ता. क. स्टँडवर तुमी माझ्या बोटात घातलेली घराण्यातली सोन्याची अंगठी मी त्या शब्दाच्या भरात कसोटीवर घासली. तेजाबाचा थेंब पडला आणि रेघ पुसून गेली. निव्वळ पितळ आहे, मामा. तरी बोटातून काढलेली न्हाई. मी तुमाला पारखून घेतलं. आता तुमी मला घ्या.

मामीला अंगठीचं अजून काही कळवलेलं न्हाई.