ज्यूडच्या दंडावरचे डाग

१२ जानेवारी, रविवार

मी बोलली. पस्तीस-चाळीस माणसांसमोर उभी राहून बोलली.

शाळेत हजेरीला 'येस टीचर' पण मोठ्याने म्हणता यायचं नाही मला. नववीत शाळाच सोडली. तेव्हापासून नौपाड्याला सोनलताईच्या दुकानात मागे बसून साड्यांना फॉल लावते. गिऱ्हाईक पुढे, मी मागे. बरं पडतं. आणि आज मी —

आज माझ्या भावाचा, ज्यूडचा, सेंटरमधला एकतिसावा दिवस. कल्याणच्या पुढे आहे ते. पावडरची नशा सोडवायचा नव्वद दिवसांचा कोर्स. महिन्यातून एकदा घरच्यांना बोलावतात. सेंटरच्या योगिनी मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं — "सगळे एकच बोलतात. जेवण घाण आहे, इथे मारतात, घरी न्या. ऐकू नका. ते तुमचं माणूस बोलत नाही, त्याची नशा बोलते."

मम्मा पाणी प्यायला गेली तेव्हा ज्यूडने बाही वर केली. दंड अख्खा काळानिळा! "मिशू, मारतात गं. तू तरी काढ मला इथून."

मग मीटिंगमध्ये मी उभी राहिली. मॅडम बोलल्या, "मिशेल, बस बेटा, तो भिंतीवरून पडला." मी बोलली, "तुम्ही पण सगळे एकच बोलता. पडला, पडला. माझ्या भावाला मारलंय तुम्ही." सगळे वळून बघत होते. तरी बसली नाही.

मम्माने सही केली. कागदावर होतं की सल्ला न ऐकता नेतोय, जबाबदारी आमची. मॅडम भांडल्या नाहीत. पेन पुढे केला फक्त.

१३ जानेवारी

मम्माने मैद्याचे फुगे तळले. ज्यूडने एकट्याने अठरा खाल्ले. मम्मा बोलली, "पोटात दुखेल." तो बोलला, "दुखू दे, आपल्या घरात दुखेल ना."

१५ जानेवारी

दुकानात सोडायला आलेला. सोनलताईला बोलला, "ही गप्प बसते ना, ते नाटक आहे. वाघीण आहे माझी बहीण." मी खाली बघून सुई ओवत राहिली. तीनदा ओवली, बसलीच नाही दोऱ्यात. म्हणजे दोरा सुईत. काय लिहितेय मी.

१९ जानेवारी, रविवार

चर्चच्या मिस्सावरून आलो तर दारात एक काका. दामाजी. डोंबिवलीच्या खाडीकडचे कोळी, दारूसाठी सेंटरला होते, परवा नव्वद दिवस पूर्ण करून सुटले. सुकट घेऊन आलेले ज्यूडला भेटायला. तो आंघोळीला गेलेला.

"काय गो, तूच का ती मिशेल? सेंटरला अजून नाव काढतान तुझं," ते हसले. "दंड बरा झाला का त्याचा?"

मी मान हलवली.

"टाकीवर चढून भिंतीपलीकडे उडी मारायला गेला पलायला. सरळ खाली. आमीच उचलला. हलद मी लावली ना त्याला."

कसं विचारलं मला माहीत नाही. "कुणी मारलं नाही त्याला?"

"मारतंय कोण तिथं? स्वयंपाक पण आमीच करायचो, भांडी पण आमीच."

ज्यूड टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. काकांना बघितलं, मग मला. टॉवेल तसाच डोक्यावर राहिला.

काका गेल्यावर तोच बोलला. "खरं सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

"पण मलाच का?"

"मम्मा मॅडमना विचारायला गेली असती. तू कुणाला काय विचारत नाहीस, मिशू."

२० जानेवारी

फॉल उलट्या बाजूने लावला. तीन साड्या उसवल्या.

मॅडमचं तोंड आठवतंय. पेन पुढे केलेला.

२४ जानेवारी

ज्यूडचं परत सुरू. डोळे तसेच, बडबड तशीच. शेजारच्या नयनला माजिवड्याच्या पुलाखाली दिसला, त्याच पोरांबरोबर. मम्मा बोलते नयनला दुसरं कोणीतरी दिसलं असेल. मी पण आधी अशीच होती. बारा दिवसांपूर्वी.

वाघीण म्हणे.

२७ जानेवारी

मॅडमना फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलेलं, अर्धं पान. त्यांनी "बोल मिशेल" म्हटल्यावर त्यातलं काहीच आलं नाही. फक्त सॉरी आलं.

त्या बोलल्या, "माझ्या नवऱ्याला मी तीनदा घरी आणला. तिन्ही वेळा तो 'मारतात' बोलला म्हणूनच." मग बोलल्या, "बेड आहे. पण आणायचा तुम्ही."

२ फेब्रुवारी, रविवार

आणला. सोडला.

"कल्याणला साड्या पोचवायच्यात, बॅग जड आहे, चल ना." असं बोलली मी. अडखळली पण नाही. एवढं छान खोटं कुठून आलं? त्याच्याकडूनच असणार.

मम्माला ताप, ती आली नाही. नयनची इको गाडी होती. बॅग ज्यूडनेच खांद्यावर घेतली. आत त्याचेच कपडे. मला बघवेना.

कल्याणचं मार्केट मागे गेलं. तो बोलला, "दुकान राहिलं मागे." नयनने गाण्याचा आवाज वाढवला. ज्यूडने चेन थोडी उघडली, आपले टी-शर्ट बघितले, परत लावली. मला वाटलं आता दरवाजा उघडून उडी मारेल. शिव्या घालेल. मी हँडल घट्ट धरून बसलेली.

गेटवर उतरला. "झाली फिट्टमफाट," बोलला, आणि बॅग घेऊन गेला. वळला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना नयन बोलला, "रडू नको गं, चांगलंच केलंस." रडत कुठे होती मी.

४ फेब्रुवारी

आता मी पण ज्यूडसारखीच, खोटारडी.

६ फेब्रुवारी

मम्मा फॉर्मवर सही करायला जाऊन आली. मॅडम बोलल्या, गरज नाही. 'दाखल करणाऱ्याचं नाव' तिथे रविवारीच ज्यूडने स्वतःचं नाव लिहिलंय. स्वतःहून आलेल्याला जाताना कुणी अडवत नाही, घरच्यांना विचारत पण नाहीत. मनात आलं की बॅग उचलून चालू पडायचं.

मम्मा रडतेय — "म्हणजे उद्या पण निघून येईल तो."

हो. येऊ शकतो. हा पण त्याचा डाव असेल, मला नाही कळत आता. पण आज पाचवा दिवस, आणि तो आहे अजून आत.