कारण: शिस्तभंग

दि. ९ फेब्रुवारी

वहिनींस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशीर झाला, त्यात पोस्टाचा दोष नाही. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. ही म्हणते, निवृत्त कारकून म्हणजे घरातलं जास्तीचं कपाट, नुसती जागा अडवतं.

तो गेल्याचं तुमच्याच पत्रातून कळलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "फौजेच्या डिस्चार्ज बुकात कारण शिस्तभंग लिहिलंय. लष्करी दवाखान्याने त्याच शब्दावर त्यांना दारातून परत पाठवलं. भाऊजी, तुम्ही त्यांच्याच कंपनीचे कारकून होतात. त्यांनी केलं तरी काय होतं?"

काही केलं नव्हतं, वहिनी.

पुलावर स्फोट झाला तेव्हा तो सर्वांत जवळ होता. अंगावर ओरखडा नाही, फक्त कानातून रक्त. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावरून निघून गेला. अकरा दिवसांनी एका खेड्यात सापडला. पायात बूट नव्हते, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं: डोक्याला आतून मार आहे, वर्तनाला जबाबदार धरू नये. त्या कागदावर त्याला आजारपणाचा डिस्चार्ज मिळाला असता. उपचार, पेन्शन, सगळं.

पण मग चौकशी झाली असती, की अशा माणसाला दुसऱ्याच दिवशी पहाऱ्यावर उभं कोणी केलं? तो हुकूम साहेबांचाच होता. ते म्हणाले, "हा कागद फायलीत नको."

मी म्हटलं, "हो साहेब." माझी बढती तोंडावर आली होती.

तो शब्द मीच टाइप केला. हे मी हिलाही कधी सांगितलेलं नाही.

जायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मला काहीच आठवत नाही रे. मी खरंच पळालो का?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "इथे सही कर."

शेवटपर्यंत तो स्वतःला पळपुटा म्हणायचा, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

डॉक्टरांचा कागद फाडायचा धीर मला झाला नव्हता. सोबत पाठवतोय. फेरविचाराचा अर्ज करा, साक्षीला मी येतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे. शब्द बदलेलच असं सांगत नाही. ही कचेरी मी आतून पाहिली आहे.

लेकीला मात्र अर्जाच्या निकालाची वाट न पाहता सांगा, की तिचे बाबा पळाले नव्हते.

तुमची माफी मागत नाही. ज्याची मागायची, त्याला मी फक्त सही मागितली.

कंपनीचा कारकून